आपल्या वाट्याचं फूल



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 18, श्लोक 45 आणि 46.

या दोन श्लोकांचा आशय आपल्या रोजच्या भाषेत सांगायचा तर असा. हे सगळं जग ज्याच्यापासून आलं आणि ज्यानं ते भरून टाकलंय, त्याची पूजा करायला वेगळं सामान आणावं लागत नाही. माणसाचं काम हेच त्याचं सामान. ते मन लावून केलं की तोच मार्ग होतो. ज्ञानेश्वर माऊली इथे स्वकर्माला फुलांची उपमा देतात. हार बाजारातून आणायचा नाही, तो हाताखालच्या कामातूनच गुंफायचा.

हा श्लोक आपल्या पिढीच्या आवडीचा आहे. ‘काम हीच पूजा’ हे वाक्य ऑफिसच्या भिंतीवरही दिसतं आणि रात्री साडेअकराला मॅनेजरच्या मेसेजमध्येही दिसतं. त्यामुळे कधीकधी त्याची थोडी भीतीच वाटते. पण मूळ श्लोकातला शब्द नुसता ‘कर्म’ नाही, ‘स्वकर्म’ आहे. आज आपण त्या ‘स्व’वर थांबू. आणि त्यासाठी एका कष्टकऱ्याची गोष्ट घेऊ, जी आपण लहानपणापासून ऐकलीय आणि जिच्याकडे नीट बघायला आपण थोडे घाबरतो. संत गोरा कुंभार. आमच्याकडे गोरोबाकाका.

मी मूळचा औशाचा. औशाहून लातूर, मुरूड, ढोकी करत गेलं की तेर येतं. हे तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात या बाजारपेठेचं नाव येतं, इथला माल भडोचच्या बंदरापर्यंत जायचा असं त्यात लिहिलंय. पण वारकऱ्याला तेर आठवतं ते तेरणा नदी आणि तिच्या काठचं गोरोबाकाकांचं मंदिर यांमुळे. त्यांचा काळ 1267 ते 1317 असा मानतात. ज्ञानदेव, नामदेव यांच्या मेळ्यात ते वयानं मोठे, म्हणून सगळ्यांचे काका.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. गोरोबा चिखल तुडवतायत. बायको पाण्याला गेलीय, रांगतं लेकरू तिथेच आहे. मुखात विठ्ठलाचं नाम, डोळे मिटलेले, देहाचं भान नाही. लेकरू रांगत रांगत चिखलात आलं आणि पायाखाली गेलं. बापाला कळलंच नाही.

ज्यांनी कुंभारकाम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चाकावर गोळा ठेवून मडकं वळवणं हा त्या कामाचा बघायला छान वाटणारा भाग. त्याच्या आधी माती आणायची, खडे काढायचे, भिजवायची, तिच्यात राख किंवा लीद मिसळायची आणि मग ती तुडवायची. एकसारखी मऊ होईपर्यंत. एक गाठ किंवा एक खडा राहिला तर मडकं आव्यात तडकतं, आणि त्याबरोबर आधीचे सगळे कष्ट वाया. त्यामुळे हे तुडवणं बराच वेळ चालतं. पाय एका लयीत पडत राहतात आणि डोकं मोकळं असतं. नाम घ्यायला याहून चांगलं काम नाही. आपण ज्याला ‘फ्लो’ म्हणतो, कोड लिहिताना तीन तास कुठे गेले कळत नाही ती अवस्था, त्या लयीत सहज येत असणार.

आणि इथेच प्रश्न उभा राहतो. श्लोक सांगतो की काम मन लावून करावं आणि ते देवाला वाहावं. गोरोबांनी दोन्ही एकाच वेळी केलं. काम चालू, नाम चालू. त्या परिपूर्ण पूजेखाली लेकरू गेलं. मग ही भक्ती आपण कशी समजून घ्यायची? नुसते हात जोडून पुढे जायचं का?

कीर्तनात या प्रश्नाला साधारण तीन उत्तरं मिळतात.

पहिलं, देवानं भक्ताची परीक्षा पाहिली. दुसरं, गोरोबांचं देहभान हरपलं होतं, तेव्हा कर्तेपणाच उरला नव्हता, मग दोष कुणाला? आणि तिसरं, शेवटी पंढरपुरात लेकरू परत आलं, सगळं गोड झालं.

ही उत्तरं खोटी आहेत असं मी म्हणणार नाही. पण माझी मुलगी चार वर्षांची आहे. ती शेजारच्या खोलीत झोपलेली असताना ही उत्तरं मोठ्यानं वाचून पाहिली की घशात अडकतात. परीक्षा बापाची असेल, पण मग त्या लेकराचा त्यात काय संबंध? कर्तेपणा नव्हता हे खरं असेल, पण आईच्या हातात जे आलं ते कर्तेपणाच्या चर्चेनं हलकं होत नाही. आणि तिसऱ्या उत्तराकडे नंतर येऊ, कारण आमच्या भागात त्याचा हिशोब जरा अवघड आहे.

मला असं वाटतं की आपण ही गोष्ट मध्येच सोडून देतो. समाधी लागली, लेकरू गेलं, केवढी भक्ती! इथे आपण डोळे पुसतो आणि उठतो. पण परंपरा इथे उठत नाही. महिपतींनी 1762 मध्ये भक्तविजय लिहिला. त्यातली आणि आपल्याकडे कीर्तनातून चालत आलेली गोष्ट पुढे बरीच लांब आहे. ती पुढची गोष्टच मला महत्त्वाची वाटते.

पुढे काय होतं? संती, म्हणजे गोरोबांची बायको, पाणी घेऊन येते. चिखल बघते. आणि ती गप्प बसत नाही. ती आक्रोश करते, नवऱ्याला बोलते, त्या भजनालाही बोलते. गोरोबा समाधीतून खाली येतात ते रागात, तिच्यावर धावून जातात. तेव्हा ती विठ्ठलाची शपथ घालते की मला हात लावायचा नाही. एवढ्या मोठ्या संताची गोष्ट, पण परंपरेनं संतीचं तोंड बंद केलेलं नाही. सांगणाऱ्यांना ते सहज करता आलं असतं. ‘तीही धन्य झाली’ असं एक वाक्य घातलं की काम झालं असतं. तसं कुणी केलं नाही. शेकडो वर्षं प्रत्येक कीर्तनात ती तिथे उभी आहे आणि विचारतेय, माझं लेकरू कुठाय?

मग गोरोबा ती शपथ पाळतात. घरात असून घराला शिवत नाहीत. वंश बुडेल म्हणून संती आपल्या बहिणीशी त्यांचं लग्न लावते, तर सासरे लग्नात सांगतात की दोघींना सारखंच वागवा, आणि गोरोबा दोघींनाही तीच शपथ लावून मोकळे होतात. एका रात्री झोपेत हात बायकांच्या अंगावर पडले, म्हणजे त्या दोघींनीच ते ठेवले, तर सकाळी ते स्वतःचे हात तोडून टाकतात.

कुंभाराचे हात. जे त्याचं स्वकर्म, तेच गेलं. आता घर कसं चालणार?

इथे जे घडतं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात सुंदर वाटतं. पांडुरंग स्वतः कुंभाराचं रूप घेऊन तेरला येतो. विठू कुंभार. सोबत रुक्मिणी, आणि गरुड गाढव होऊन. ते गोरोबांच्या घरी राबतात. माती आणतात, चाक फिरवतात, मडकी विकतात. भक्ताचे हात गेले म्हणून देव काही त्याला वैकुंठाला घेऊन गेला नाही. देव त्याच्या चाकावर बसला, कारण घरात खाणारी तोंडं होती आणि त्यांची काहीच चूक नव्हती.

आणि शेवट. पंढरपुरात नामदेवांचं कीर्तन, गोरोबा थोटे हात वर करतात, हात परत येतात. गोष्ट तिथेही संपू शकली असती. पण लेकरू रांगत रांगत संतीकडे येतं आणि मगच ती संपते.

चमत्कार खरा की खोटा, हा वाद आज घालायचा नाही. मला एवढंच दिसतं की ज्या लोकांनी ही गोष्ट सांगितली, जपली, त्यांना समाधीवर थांबता आलं नाही. आईला लेकरू परत मिळाल्याशिवाय ही भक्तीची गोष्ट पूर्ण झाली असं त्यांना म्हणवलं नाही. म्हणजे त्यांच्या मनात कुठेतरी स्पष्ट होतं की लेकरू गोरोबांनी देवाला वाहण्यासारखं नव्हतंच. ते त्यांच्या एकट्याच्या मालकीचं फूल नव्हतं.

‘स्वकर्म’ या शब्दातला ‘स्व’ मला इथे सापडतो. पूजेला वाहायचं ते आपल्या वाट्याचं. दुसऱ्याच्या परसातलं फूल तोडून आपल्या देवाला वाहिलं तर पूजा आपली दिसते, पण किंमत दुसऱ्यानं मोजलेली असते.

ही माझी ओढूनताणून काढलेली कल्पना वाटत असेल तर आपल्या परंपरेतल्याच आणखी तीन गोष्टी शेजारी ठेवून बघा.

पहिला पुंडलिक. देव दारात आला तेव्हा तो आईवडिलांची सेवा करत होता. त्यानं वीट फेकली आणि देवाला म्हटलं, जरा थांब. तो वेळ आईवडिलांच्या वाट्याचा होता. आणि देव रागावला नाही, विटेवर उभा राहिला. आपल्या दैवताची मूर्तीच मुळी ‘थांबलेल्या’ देवाची आहे. कमरेवर हात ठेवून वाट बघणारा. आपण विठ्ठलाचं दर्शन घेतो तेव्हा एका माणसाच्या घरकामाला देवानं दिलेल्या मानाचंही दर्शन घेतो.

दुसरे विठ्ठलपंत, माऊलींचे वडील. वैराग्य खरं होतं, पण बायकोची मनापासून संमती नसताना काशीला जाऊन संन्यास घेतला. पुढे त्यांचे गुरू आळंदीला आले, रुक्मिणीबाई भेटल्या, सगळी हकीकत कळली. गुरूंनी काय केलं? शिष्याला परत घरी पाठवलं. संन्यासासारखी मोठी गोष्ट, पण तिच्यात दुसऱ्या एका माणसाचं आयुष्य न विचारता घातलं गेलं होतं. त्या परतण्याची किंमत त्या घरानं भयंकर मोजली, समाजानं वाळीत टाकलं. पण निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार भावंडं त्या परत आलेल्या पावलांमुळे आपल्याला मिळाली. ज्या ग्रंथात स्वकर्माला फूल म्हटलंय, तो ग्रंथही.

तिसरे तुकोबा. 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. पहिली बायको गेली, मुलगा गेला. तुकोबांचं लेकरू परत आलं नाही, तशी कुठली कथाही नाही. त्यानंतर त्यांनी घराण्याच्या सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. पण सगळी नाही. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची निम्मी त्याला देऊन टाकली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. केवढा बारीक विवेक आहे हा! वैराग्याच्या ऐन भरात माणूस थांबतो आणि वाटणी करतो. माझ्या विरक्तीचं बिल भावाच्या लेकराबाळांवर नको.

आता त्या तिसऱ्या उत्तराकडे येतो. लेकरू परत आलं, सगळं गोड झालं, हे उत्तर आमच्या भागात अवघड का आहे?

तेरणा नदी तेरहून पुढे खाली येते आणि आमच्या औसा तालुक्याच्या दक्षिण अंगानं जाते. तिच्या जवळच किल्लारी आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लोक गणपती बोळवून झोपले होते. आमच्याकडची जुनी घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा थर. उन्हाळ्यात गार, पण वजनाला प्रचंड. ती झोपलेल्या माणसांवर आली. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. त्यात कितीतरी लेकरं होती. रात्री ज्यांनी ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हटलं ती.

मी तेव्हा पाच वर्षांचा होतो, आमचं घर वाचलं. पण मोठा होताना मी ज्या मोठ्या माणसांच्या मांडीवर बसून कीर्तनं ऐकली त्यांतल्या काहींची लेकरं त्या मातीत गेली होती. गोरोबाकाकांचं आख्यान लागलं की शेवटी लेकरू परत यायचं, टाळ्या पडायच्या, आणि काही जण टाळी न वाजवता खाली बघत बसायचे. तरी ते दर एकादशीला यायचे. त्यांच्याकडे बघून मला कळलं की श्रद्धा म्हणजे ‘परत मिळेल’ याची हमी नाही. जिथे परत मिळत नाही, तिथेही माणूस दुसऱ्या दिवशी उठून काय करतो, ती श्रद्धा.

माझे वडील, अप्पा, गवंडी. भूकंपानंतर 52 गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं, शिवाय इतर गावांत हजारो घरांची दुरुस्ती. अप्पा पुढची काही वर्षं तिकडच्याच कामावर होते. त्या काळात आमच्याकडच्या गवंड्यांना नव्या पद्धतीनं बांधायला शिकवलं गेलं. दाराच्या चौकटीच्या वर घराभोवती काँक्रीटची सलग पट्टी घालायची, कोपऱ्यात उभी सळई टाकायची, दोन भिंती एकमेकींत नीट गुंतवायच्या. प्लास्टर झालं की यातलं काहीच दिसत नाही. सळई घातली की नाही हे घरमालकाला कधीच कळणार नाही. कळेल ते फक्त एकदा, जमीन हलली तर.

अप्पांना मी विचारलं होतं, कामावर नाम घेता का? ते म्हणाले, “घेतो की. पण कोपऱ्यात सळई बांधताना न्हाई. तवा डोळं तिथंच. खाली उद्या लेकरं निजणारेत.”

अप्पा सातवी शिकलेले. गीतेवर त्यांनी कधी प्रवचन केलं नाही. पण गोरोबांच्या गोष्टीनं मला पडलेल्या कोड्याचं एवढं सरळ उत्तर मी अजून कुठे वाचलं नाही. तन्मय व्हायचं, पण ज्या कामावर दुसऱ्याचं लेकरू विसंबून आहे तिथे तन्मयता म्हणजेच सावधपणा. डोळे उघडे ठेवणं हेच तिथलं नाम. ओळंबा सरळ आहे का बघणं, माल नीट कालवला का बघणं, ही तिथली माळ.

अप्पांची एक इच्छा होती. आषाढीला पायी वारी करायची. औशात नाथ संस्थान, तिथलं चक्रीभजन, लहानपणापासून तो नाद. पण गवंड्याचं गणित असं असतं की पावसाळ्यात काम तसंच कमी, जे गळक्या छपरांचं, भिंतींना ओल आल्याचं काम येईल ते सोडून चालत नाही. हजेरी बुडाली की बाजारच्या दिवशी हातात काही नाही. आणि शाळा-कॉलेजची फी नेमकी जून-जुलैत. दरवर्षी दिंडी निघायची, अप्पा वेशीपर्यंत जायचे, पाया पडायचे आणि थापी घेऊन कामावर.

मी नांदेडला इंजिनिअरिंगला असताना एकदा म्हटलं, “अप्पा, या वर्षी जा ना, मी बघतो कसं तरी.” ते हसले. म्हणाले, “पांडुरंग युगानुयुगं उभा हाय म्हणतेत. आजून चार साल थांबतो की. तुझी फी भरायची तारीख थांबत न्हाई.”

ती चार वर्षं संपली, मग बहिणीचं लग्न, मग आजीचं आजारपण. आता गुडघे साथ देत नाहीत. एसटीनं कार्तिकीला जाऊन आले, पण पायी वारी राहिली ती राहिलीच. पुण्यात नोकरी लागल्यावर मला बरेच दिवस एक प्रश्न छळायचा. माझ्या डिग्रीखाली कुणाची तरी वारी गाडली गेलीय का?

सावता माळ्यांच्या गोष्टीनं मला थोडा धीर दिला. अरणचे सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला. आजही त्यांची पालखी पंढरपूरला जात नाही, पांडुरंगाची पालखी अरणला येते. पण खरा उलगडा ‘स्व’ या शब्दानं झाला. अप्पांनी जे सोडलं ते त्यांच्या वाट्याचं होतं. त्यांची वारी, त्यांचे गुडघे. माझी फी किंवा आजीचं औषध त्यांनी आपल्या भक्तीसाठी पणाला लावलं नाही. म्हणून ते अर्पण आहे. वारी बुडाली असं नाही, ती फूल म्हणून वाहिली गेली.

आता दोन शंका, ज्या तुमच्याही मनात आल्या असतील.

एक. हे असंच धरलं तर प्रत्येक जण म्हणेल, घरासाठी करतोय, देवासाठी वेळ नाही. बरोबर आहे, ही पळवाट आहे. दुसऱ्या फ्लॅटच्या हप्त्यासाठी चौदा तास काम करणारा माणूसही ‘फॅमिलीसाठी’ म्हणतो, आणि घरच्यांना त्याचा चेहरा दिसत नाही. पण वाट्याचा नियम दोन्हीकडून लागतो. देवाचाही एक वाटा आहे. अप्पांनी वारी दिली, पण संध्याकाळचा हरिपाठ कधी दिला नाही. कितीही दमलेले असोत, पायावरचा सिमेंट धुतला की आधी तो. हरिपाठ कुणाच्या तोंडचा घास काढून होत नव्हता, त्यांच्या स्वतःच्या झोपेतून होत होता.

दोन, आणि ही जरा बोचरी आहे. अप्पांच्या एकादशीला भगर-आमटी कोण करायचं? आई. तिचाही उपवास असायचा, आणि ती दिवसभर शेतात मजुरीला जाऊन आलेली असायची. म्हणजे पुरुषाच्या साधनेत घरातल्या बाईच्या वाट्याचं काहीतरी जातंच. हा प्रश्न मी अप्पांच्या भक्तीनं झाकणार नाही. संती अजून विचारतेय, तिला विचारू द्यावं. आपण रोज सकाळी एक तास जपाला बसतो तेव्हा मुलांचा डबा कोण भरतं? आपण पंधरा दिवस वारीला जातो तेव्हा घरची आजारी माणसं कोण सांभाळतं? त्या माणसाला आपण विचारलंय का? विचारून, त्याच्या राजीखुशीनं मिळालेला वेळ ही घरानं मिळून केलेली पूजा. न विचारता घेतलेला वेळ हे दुसऱ्याच्या परसातलं फूल.

आणि ज्यांना मिळालं, म्हणजे आपल्यासारखे अनेक जण, जे गवंड्याच्या, हमालाच्या, शेतमजुराच्या घरातून शिकून लॅपटॉपपर्यंत आलो, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ते आपल्या हक्काचं नव्हतं. कुणीतरी आपल्या वाट्यातलं दिलं. ते परत फेडता येत नाही, अप्पांना मी पायी वारी परत देऊ शकत नाही. पण माझ्या हाताखालच्या कामात, जिथे कुणी बघत नाही तिथे, सळई घालू शकतो. कुणाच्या तरी पगाराचा, कुणाच्या तरी औषधाचा हिशोब माझ्या कोडवरून जातो. तिथे डोळे उघडे ठेवणं ही माझ्या वाट्याची पूजा.

जाता जाता गोरोबाकाकांचीच दुसरी गोष्ट. संतांच्या मेळ्यात मुक्ताईनं थापटण्याबद्दल विचारलं. हे कशासाठी? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं बघायला. मग त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिलं, आणि नामदेव चिडले म्हणून ते कच्चे ठरले. पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जाऊन ते पक्के झाले. मडकं वाजवल्याशिवाय कळत नाही.

आपल्या डोक्यावर थापटणं रोज पडतं. जप चालू असताना लेकरू मांडीवर चढतं. पारायण चालू असताना आई तिसऱ्यांदा तीच गोष्ट विचारते. त्या क्षणी आतून जो आवाज येतो, तो आपला खरा आवाज. चिडचिड आली तर अजून आव्यात राहायचंय एवढंच समजायचं. आणि हातातली माळ अलगद खाली ठेवून लेकराला उचलून घेता आलं, तर विटेवरचा तो थांबलेला देव रागावत नाही. त्याला थांबायची सवय आहे.

आजचा अभ्यास: आज आपण देवासाठी किंवा कामासाठी जे काही देतोय, वेळ, पैसा, झोप, त्याची मनात यादी करा. प्रत्येक गोष्टीपुढे लिहा, हे कुणाच्या वाट्याचं आहे? जिथे आपलं नाव नसेल, तिथे आज त्या माणसाला जाऊन विचारा.

राम कृष्ण हरि.